पोरगी झाली म्हणून

रत्नपाल पाईकरावला पोरगी झाली म्हणून तो तोंड पाडून बसला, असं गावात सगळेच म्हणत होते. अडीच-तीन महिने मीही तेच धरून चालले. हे आधीच कबूल केलेलं बरं. माणसं बघणं हेच माझं काम होतं आणि मी त्याला बघितलं नव्हतं.

मी मनकर्णा. २००२ साली हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढच्या एका खेड्यात उपकेंद्राची नर्स होते. पुढच्या खोलीत बाळंतपणाचं टेबल, मागच्या खोलीत माझा संसार. टेबलावरचा दिवा रत्नपालनंच लावून दिलेला. तो आमच्या भागाचा लाईनमन. तिशीच्या आतला, अंगानं काटक, सायकलीच्या दांडीला दोरखंड गुंडाळलेला. खांबावर चढला की वरूनच खालच्यांशी गप्पा मारायचा. "काकू, आज बेसन हाय वाटतं! वास इथवर येऊन राहिला." बायका हसायच्या, कुणी भाकरी बांधून द्यायची.

ज्योती त्याची बायको. दहावी शिकलेली, घरी शिलाई मशीन चालवायची. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. तपासणीला बाकीच्या बायकांचे नवरे बाहेर लिंबाखाली बसत. हा मात्र आत येऊन विचारायचा, "किती वजन भरलं सिस्टर? रगत वाढलं का?" सातव्या महिन्यात मी गमतीनं विचारलं, काय पाहिजे? तो पटकन म्हणाला, "पोरगीच पाहिजे. मला बहीण न्हाई." हे बोलणं मी पुढं साफ विसरून गेले.

फेब्रुवारीत एका सकाळी ज्योती बाळंत झाली. पोरगी, पावणेतीन किलो, छान रडली. मी नाळ कापून वळले तर ज्योतीच्या अंगाखालून रक्त थांबायचं नाव घेईना. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, सलाईन लावलं. तिचे ओठ पांढरे पडायला लागले. मी बाहेर ओरडले, "जीप बघा!"

गोरेगावची जीप यायला वीस मिनिटं लागली. मागच्या बाकावर ज्योतीला आडवी केली. तिची आई पद्माबाई पायाशी बसली. मी एका हातानं ज्योतीचं पोट दाबून धरलं, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं लेकरू. सलाईनची बाटली टांगायला जागा नव्हती. रत्नपाल म्हणाला, "मी धरतो." हिंगोलीपर्यंतचा तासाभराचा रस्ता तो टपाखाली मान वाकवून, बाटली वर धरून उभा होता. खड्ड्याखड्ड्याला डोकं आपटत होतं, हात मात्र खाली आला नाही. लेकरू सारखं रडत होतं. त्याला पाजायला कुणी मोकळं नव्हतं. जीपभर तोच आवाज.

रस्त्यात तो एकदाच बोलला. "सिस्टर, थांबलं का?"

"थांबलं," मी म्हणाले. थांबलं नव्हतं. त्यानं खाली पाहिलं, माझ्या हाताकडं. त्याला दिसत होतं.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात ज्योतीला दोन बाटल्या रक्त चढलं. एक त्याचीच. ती वाचली. बाराव्या दिवशी गावात आली तेव्हा लोकांनी पाया पडून माझं कौतुक केलं, पद्माबाईनं मला लुगडं नेसवलं. रत्नपाल दारात उभा होता. मला वाटलं, थकलाय.

त्यानंतर मी ठरल्याप्रमाणं घरी जायला लागले. ज्योतीला तपासायचं, लेकराचं वजन करायचं, अंगावर पाजते का ते विचारायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या. आमच्या रजिस्टरात आईसाठी रकाने होते, लेकरासाठी होते. बापासाठी एकही रकाना नव्हता. तो प्रत्येक वेळी दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचा, आत यायचा नाही. एकदा वजनाचा झोळीचा काटा आढ्याला टांगला आणि लेकरू त्यात ठेवायच्या आधी मी म्हणाले, "रत्नपालभाऊ, जरा धरा हिला." तो दोन पावलं मागं सरला. "माझे हात घाणेरडे हायेत," म्हणाला. हात धुतलेले होते. मनगटावरून पाणी ठिबकत होतं.

पद्माबाईनं चुलीपाशी बसल्या बसल्या टोमणा मारला. "पोरगी हाय नं. पोरगा असता तर नाचला असता जावई."

ज्योतीनं मान खाली घातली. मला पद्माबाईचं पटलं. अशी तोंडं मी त्या तालुक्यात फार पाहिली होती.

नाव ठेवायच्या दिवशी घर भरलेलं होतं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, लेकराचं नाव आकांक्षा ठेवलं. जेवणं चालू असताना कुणीतरी पोरगी त्याच्या मांडीवर ठेवायला गेलं. तो उठला आणि सायकल काढून निघून गेला. त्या दिवशी कुठं वीज गेली नव्हती. ज्योती पाहुण्यांना वाढत राहिली. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

मग तो वेगळेच प्रश्न घेऊन उपकेंद्रात यायला लागला. "सिस्टर, झोपेत लेकराचा श्वास बंद पडतो का?" दुसऱ्या दिवशी, "पडला तर किती मिनिटं दम धरतं?" तिसऱ्या दिवशी, "ज्योतीचं रगत पुन्हा सुरू होऊ शकतं का?" मी दर वेळी "काही होत नाही" म्हणून वाटेला लावत होते. त्याची गालफडं बसली होती, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. तो झोपत नाही हे ज्योतीनं मला सांगितलं. उशापाशी बसून लेकराच्या नाकापुढं बोट धरतो म्हणाली, आणि दिवसा त्याच लेकराला हात लावत नाही. एकदा ताट भिरकावलं. हे लग्नानंतर पहिल्यांदाच.

एप्रिलच्या शेवटी उत्तमसिंग माझ्याकडं आला. तोही लाईनमन, शेजारच्या गावचा, वयानं मोठा. घाम पुसत म्हणाला, "बाई, रत्नपाल दारू पितो का, बघा एकदा."

"काहून?"

"आज चालू लाईनवर चढून राहिला होता. मी म्हणलं, अजून लाईन बंद करून घेतली न्हाई, थांब. ऐकूच ना. पाय धरून खाली ओढला म्हणून वाचला. खाली आल्यावर मला म्हणतो, लेकरू रडून राहिलं, तुला ऐकू येतं का? रानात होतो बाई आमी. दोन कोसात घर न्हाई."

मी रत्नपालला बोलावून घेतलं. दारूचा वास नव्हता. रक्तदाब पाहिला, ताकदीच्या गोळ्या दिल्या. तो मुकाट्यानं घेऊन गेला. त्याचं दुखणं ओळखायची माझ्या हातून सुटलेली ती शेवटची संधी.

मे महिन्याचा तो दिवस. पद्माबाई भावकीतल्या लग्नाला गेली होती. दुपारी दोनच्या सुमारास उन्हानं गाव ओस पडलेलं. मी औषधांचं कपाट आवरत होते. रत्नपाल दारात आला. पायात चप्पल नव्हती. मूठ पुढं करून म्हणाला, "सिस्टर, किल्ली घ्या."

"कसली किल्ली?"

"घराची. बाहेरून कुलूप लावलंय. लेकरू आत हाय. ज्योती विहिरीवर धुणं घेऊन गेली." त्याचे दात एकमेकांवर आपटत होते, इतक्या उन्हात. "मी आत राहिलो तर माझ्या हातानं कायतरी होईल. तुमी जा. मी इथंच बसतो. मला तिकडं येऊ देऊ नका."

मी किल्ली घेतली आणि पळाले. तीन गल्ल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत किती वेळा पळाले असेन, पण तशी कधी पळाले नाही. डोक्यात एकच होतं, तो म्हणाला 'होईल'. झालं असेल तर?

अंगणात पाय ठेवला आणि थबकले. सगळ्या उश्या अंगणात फेकलेल्या. विळी, चाकू, कुऱ्हाड, घासलेटचा डबा. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा सोडून गुंडाळून तिथंच ठेवलेली. पाण्याची घागर पालथी, बादली पालथी. आतून आवाज येत नव्हता.

कुलूप उघडायला मला वेळ लागला.

लेकरू साडीच्या झोळीत जागं होतं. स्वतःची मूठ चोखत होतं. मला बघून हसलं.

मी तिला उराशी धरून खाली बसले आणि तेव्हा मला अंगणातल्या वस्तूंचा अर्थ लागला. त्यानं घरातून एकेक अशी वस्तू बाहेर काढली होती, जिच्यानं लेकराला इजा होऊ शकते. सगळं काढून झाल्यावर एकच उरली. तो स्वतः. मग तीही त्यानं बाहेर काढली आणि कुलूप लावलं. पोरगी झाली म्हणून रुसलेला माणूस असं करत नाही.

लेकराला कडेवर घेऊन मी परत आले. तो उपकेंद्राच्या पायरीवर खांबाला घट्ट मिठी मारून बसला होता. लेकरू दिसताच त्यानं डोळे मिटून घेतले.

"हाय," मी म्हणाले. "ठणठणीत हाय. हसून राहिली."

तो रडायला लागला. ओरडून नाही. नुसते खांदे हलत होते. मग बोलला. "मला ते करायचं न्हाई सिस्टर. आईची शपथ. पण डोळ्यापुढं येतं. विळी दिसली की येतं, उशी दिसली की येतं. मी कसला बाप?"

"आणि स्वतःचं? स्वतःचं काही करावं वाटतं?"

हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विचारत होते. तो कसा घेईल याची भीती वाटली. त्यानं उलट सुटल्यासारखा श्वास सोडला.

"वर चढल्यावर वाटतं. तारेला हात लावला की ते रडणं बंद होईल, असं. उत्तमसिंग सोबत नसला की जास्त."

मी त्याला आत नेऊन बसवलं. दार आतून लावून घेतलं आणि खिडकीतून शेजारणीला हाक मारून ज्योतीला निरोप पाठवला.

ज्योती ओल्या धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन घराकडूनच आली. अंगणातलं सगळं तिनं पाहिलं होतं. आत आल्यावर गाठोडं टाकलं, माझ्या हातातून लेकरू घेतलं, उलटंपालटं करून अंग तपासलं. मग नवऱ्यापुढं उभी राहिली. मी मध्ये पडणार होते, पण तिचा चेहरा बघून बाजूला झाले.

"तुमी तिला काही केलं का?"

"न्हाई."

"करायचं होतं?"

"न्हाई. भेव वाटत होतं, होऊन जाईल म्हणून."

लेकरू भुकेनं किरकिरायला लागलं, तसा तो आक्रसत गेला. ज्योतीनं ते पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली, पदराखाली लेकराला घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलं, मी पोरगी दिली म्हणून तुमी माझ्याशी बोलत न्हाई. तीन महिने मी हेच घेऊन बसले."

त्यानं तोंडावर हात घेतला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण हसला. "सिस्टर, बाळंतपण बायकोचं झालं की याचं?" त्यानं झोपेच्या चार गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर मी चिठ्ठी फाडली. नांदेडला मनाच्या आजारांचे एक डॉक्टर बसतात, हे मी हिंगोलीच्या एका बैठकीत ऐकलं होतं.

पण त्याआधी पद्माबाई परत आली. अंगणाची हकीकत शेजारणीकडून तिच्या कानावर गेलीच. ती आल्या पावली ज्योतीचे कपडे पिशवीत भरायला लागली. "पागल माणसाजवळ माझी लेक ठेवत न्हाई. उद्या दोघींचे मुडदे पाहू का मी?"

तिचं काय चुकलं होतं? माझ्याही मनात तीच भीती होती. मी म्हणाले, "ज्योती, चार दिवस जा. लेकरू सुरक्षित पाहिजे."

ज्योतीनं आईच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली ठेवली. "आई, मी मरून राहिले होते तेव्हा बाटली कोणी धरली होती? तू इथंच राहा. लेकरू तुझ्याजवळ झोपव. पण मी जात न्हाई."

पद्माबाई राहिली. जावयाशी ती महिनाभर एक शब्द बोलली नाही, आणि लेकरावरून नजर हलवली नाही. खरं सांगायचं तर त्याच गोष्टीनं त्याला आधार झाला. 'आता कुणीतरी राखणीला हाय,' असं तो मला म्हणाला.

नांदेडला आम्ही तिघं गेलो. तो, मी आणि उत्तमसिंग. एसटीत उत्तमसिंगनं त्याला खिडकीपाशी बसू दिलं नाही. कळमनुरीला गाडी थांबली, बाजाराचा दिवस होता, एक बाई लेकरू घेऊन चढली. ते रडायला लागलं तसा रत्नपाल उठून दाराकडं जायला लागला. उत्तमसिंगनं त्याचा हात धरला तो नांदेडपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं. जीपची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. शेवटी म्हणाले, "बाळंतपणानंतर बापालाही हा आजार होतो. कुणी विचारत नाही म्हणून कळत नाही. तुमच्या डोक्यात जे येतं, त्याची तुम्हाला किळस येते, भीती वाटते. तो आजार आहे, तुमची इच्छा नाही."

"मी पागल हाय का साहेब?"

"नाही. आजारी आहात. गोळ्यांना गुण यायला तीन आठवडे लागतील. तोवर खांबावर चढायचं नाही आणि एकटं राहायचं नाही."

ते तीन आठवडे मला तीन वर्षांसारखे गेले. उत्तमसिंगनं वीज मंडळाच्या साहेबाच्या पाया पडून त्याला सबस्टेशनवर रजिस्टर लिहायचं काम मिळवून दिलं. खांबावरचा माणूस खुर्चीत बसलेला पाहून लोक विचारायचे, आणि कुणीतरी सांगायचंच. काहीजण त्याच्या हातचं पाणी घ्यायला कचरायला लागले. दहाव्या दिवशी त्यानं गोळ्या बंद केल्या. तोंड कोरडं पडतं, डोकं जड होतं, फरक तर काहीच नाही, म्हणाला. त्याच दिवशी दुपारी तो सबस्टेशनवरून नाहीसा झाला.

उत्तमसिंग सायकलीवर ओरडत आला. आम्ही दोघांनी रान पालथं घातलं. प्रत्येक खांब दिसला की मी आधी वर बघायची. तो सापडला ओढ्याकाठी, एका दगडावर, पाण्यात पाय सोडून बसलेला. मला बघून म्हणाला, "खांबाकडं जाऊ वाटलं, म्हणून इकडं आलो. इकडं खांब न्हाईत."

मी त्याच्याशेजारी बसले. रागावावं की काय करावं, कळेना. पिशवीतून गोळी काढून हातावर ठेवली. ओढ्याचं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं ती गिळली. त्या दिवसापासून रोज सकाळी तो माझ्यापुढं येऊन गोळी घ्यायचा.

गुण आला, पण सिनेमातल्यासारखा नाही. आधी झोप यायला लागली. मग एक दिवस पद्माबाई म्हणाली की जावयानं दुसरी भाकरी मागितली. मग बरेच दिवस काहीच नाही. मग पुन्हा चार वाईट दिवस. डोळ्यापुढं येणं कमी झालं, थांबलं मात्र फार उशिरा. औषध वर्षभर चाललं.

नोव्हेंबरात आकांक्षाच्या गोवराच्या लसीचा दिवस होता. मी ज्योतीची वाट बघत होते. आला तो एकटाच, लेकरू कडेवर घेऊन. कसं धरावं हे त्याला अजून नीट जमत नव्हतं, दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मी सुई भरली. "रडेल बरं का ती," मी म्हणाले.

"रडू द्या," तो म्हणाला. कपाळावर घाम आला होता. "मी हाय."

ती रडली, चांगली मोठ्यानं. त्यानं तिला खाली ठेवलं नाही. ती शांत होईपर्यंत लिंबाखाली फेऱ्या मारत राहिला. मी दाराआड उभी राहून बघत होते.

पुढं त्याला खांबावर जायची परवानगी मिळाली. २००६ साली ज्योतीला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "सिस्टर, मी नांदेडला जाऊन येतो. आधीच." दुसऱ्या वेळी पोरगा झाला, हिंगोलीच्या दवाखान्यात, काही त्रास न होता. तरीही सहा आठवडे त्याची झोप उडालीच. या वेळी मात्र ज्योतीला कारण माहीत होतं, आणि पद्माबाई स्वतःच गोळ्यांची वेळ सांभाळत होती. माफी तिनं कधी मागितली नाही. मीही त्याची माफी फार उशिरा मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या. मला तरी कुठं ठाऊक होतं?"

त्या वेळेपासून मी बाळंतिणीच्या घरी गेले की नवऱ्यालाही विचारते, झोप लागते का, जेवण जातं का. बहुतेक जण हसतात. सगळे हसत नाहीत.

२००९ साली हिंगोलीत नर्सांचं प्रशिक्षण होतं. मला या विषयावर बोलायला सांगितलं. मी रत्नपालला विचारलं, तुमची गोष्ट सांगू का, नाव बदलून? त्यानं एक दिवस विचार केला आणि म्हणाला, "नाव बदलू नका. मीच येतो."

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून चाळीस बायांपुढं उभा राहिला. "मी रत्नपाल पाईकराव, लाईनमन. मला पोरगी झाल्यावर..." एवढं बोलला आणि अडला. तो टेबलाची कड धरून उभा होता. मी उठणार, इतक्यात मागच्या बाकावरच्या एका तरुण सिस्टरनं विचारलं, "पोरगी केवढी झाली आता, भाऊ?"

त्याची मान वर आली. "दुसरीत हाय," तो म्हणाला. "लई बोलती." आणि मग तो पुढचं सांगायला लागला.